अंमल कोणाचा? झाशीच्या नोकरवर्गाला मिळालेल्या सूचना, १८५४ ते १८५८

महाविद्यालयात सूचनाफलक दोन असतात. एक तुमच्यासाठी, वेळापत्रकाचा आणि परीक्षेच्या अर्जांचा. दुसरा कार्यालयाच्या दाराशी, कर्मचाऱ्यांसाठी: रजा, बदल्या, पगाराची तारीख, कोणाचा पदभार कोणाकडे गेला. मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. वीसएक वर्षे हा दुसरा फलक वाचतो आहे. त्याने एक सवय लावली. मजकूर वाचण्याआधी नजर खाली जाते, सही कोणाची आहे ते पाहायला. प्रभारी माणसाच्या सहीची सूचना कायमचा माणूस रुजू झाला की फिरू शकते, हे फलक वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

झाशीचा १८५७ चा इतिहास तुम्ही शाळेत वाचला आहे. राणीचा बाणेदार नकार, किल्ल्याचा वेढा, पाठीशी बांधलेले मूल. या पाठात तोच इतिहास आपण दुसऱ्या फलकाच्या बाजूने वाचणार आहोत. झाशीत तेव्हा शेकडो माणसे सरकारी पगारावर जगत होती: कारकून, शिरस्तेदार, तहसीलदार, ठाणेदार, शिपाई, तुरुंगाचे पहारेकरी. चार वर्षांत त्यांना अनेकदा सांगण्यात आले की आता तुमचा धनी बदलला. प्रत्येक वेळी कामाचे स्वरूप जवळपास तेच राहिले, खालची सही तेवढी बदलली. त्या सहीवर विश्वास ठेवणे किती महागात पडू शकते, हा आपला प्रश्न आहे.

सुभेदार, राजा आणि चाकर

थोडे मागे जाऊ, कारण झाशी खालसा होण्याचे कारणच मुळात 'राजा की नोकर' या वादात आहे.

झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देव बुंदेल्याने १६१३ साली बांधला. मराठे तिथे पोहोचले ते शंभराहून अधिक वर्षांनी. छत्रसालाने पहिल्या बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिला, त्यातून बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला, आणि १७४२ साली नारो शंकर झाशीचा सुभेदार झाला. पुढे नेवाळकर घराण्यातले रघुनाथ हरी सुभेदार म्हणून आले. सुभेदार म्हणजे पेशव्यांचा नेमलेला माणूस. त्याला परत बोलावता येते, आणि नारो शंकराला पुण्याने परत बोलावलेही होते.

पुण्याची पकड सैल होत गेली तशी ही सुभेदारी घराण्यात चालू लागली. १८१७ साली पेशव्याने बुंदेलखंडातले आपले हक्क कंपनीला सोडले. त्याच वर्षी कंपनीने रामचंद्ररावाशी तह करून झाशी त्याच्या वंशाकडे कायम चालेल असे मान्य केले. १८३२ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकने त्याला राजा हा किताब दिला. त्याचा मजकूर मोठा मासलेवाईक आहे: 'महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान'. फिदवी म्हणजे निष्ठावंत चाकर. एकाच किताबात माणूस महाराजाधिराज आहे आणि इंग्लंडच्या बादशहाचा चाकरही आहे. त्या काळी अर्जदार आपल्याला सर्रास 'फिदवी' म्हणवून घेत, त्यामुळे रामचंद्ररावाला त्यात काही खटकले नसावे. शिष्टाचाराचा शब्द म्हणून तो चालून गेला.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. डलहौसीने हे दत्तविधान राज्यापुरते अमान्य केले. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा: ओरछ्यासारखी संस्थाने जुनी आणि स्वयंभू आहेत, झाशी तशी नाही. झाशीचे शासक मुळात पेशव्यांचे अधिकारी. पेशव्यांचे हक्क आमच्याकडे आले. म्हणजे हे राज्य आम्ही दिलेले आहे आणि आमच्या संमतीशिवाय ते दत्तकाकडे जात नाही. खाजगी मालमत्तेचा वारस म्हणून दामोदररावाला त्याने मान्यता दिली, गादीचा वारस म्हणून दिली नाही.

सरळ शब्दांत सांगायचे तर झाशी हे एक पद ठरवले गेले. पदाधिकारी वारला, पद रिकामे झाले, ते भरायचे की रद्द करायचे हे वरिष्ठांनी ठरवले. १८१७ च्या तहातल्या 'कायम' या शब्दाचे काय, हे राणीने आपल्या अर्जांत परोपरीने विचारले. त्याचा उपयोग झाला नाही.

मार्च १८५४

खालसा झाल्याचा जाहीरनामा झाशीत मेजर एलिसने दरबारात आणला. राणी पडद्यामागे होती. तिचे ते प्रसिद्ध वाक्य याच प्रसंगाशी जोडले जाते, आणि पुढे तिचा सल्लागार म्हणून भेटीला आलेला वकील जॉन लँग यानेही तसे उद्गार तिच्या तोंडून ऐकल्याचे लिहून ठेवले आहे. तिला महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये पेन्शन ठरले. किल्ला सोडून तिला शहरातल्या वाड्यात राहायला जावे लागले.

आता दरबारात मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. संस्थानाचे सैन्य बरखास्त झाले. त्यांच्या जागी कंपनीची पलटण आली. महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेली गावे सरकारने परत घेतली, म्हणजे पुजारी, सेवेकरी, दिवाबत्तीवाले यांच्या पोटाचाही प्रश्न आला. कारकुनांचे दुखणे वेगळे होते. झाशीच्या दरबारात मराठी दफ्तर मोडीत चाले. वायव्य प्रांतातल्या कचेऱ्यांची भाषा मात्र १८३७ पासून उर्दू होती. आयुष्यभर मोडीत जमाखर्च लिहिलेल्या माणसाचे कसब नव्या कचेरीत किती चालले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. संगणक आल्यावर टंकलेखकांचे काय झाले ते माझ्या पिढीने पाहिले आहे. पण त्यांना निदान प्रशिक्षणाचे परिपत्रक तरी आले होते.

नव्या राजवटीत सुपरिंटेंडेंट म्हणून कॅप्टन स्कीन आला. त्याच्या हाताखाली तहसीलदार, शिरस्तेदार, ठाणेदार अशी उतरंड बसली. सव्वातीन वर्षे ती चालली.

एकाच आठवड्यात दोन सूचना

५ जून १८५७ रोजी बाराव्या पलटणीतले शिपाई उठले. चौदाव्या अनियमित घोडदळाचे स्वार त्यांना मिळाले. इंग्रज अधिकारी बायकामुलांसह शहरातल्या किल्ल्यात शिरले. ८ जूनला ते शरण आले, आणि त्यांना जोखनबागेत नेऊन मारण्यात आले. मेलेले साठच्या आसपास होते, त्यांत बायका होत्या, मुले होती. हे टाळून झाशीचा इतिहास सांगता येत नाही.

या दिवसांत शहरात दवंडी पिटली गेली. तिचे रूप परंपरेने असे चालत आले आहे: खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, अंमल महाराणी लक्ष्मीबाई का. इंग्रजी कागदांत शेवटचा चरण वेगळा आढळतो, तिथे राणीऐवजी दोन्ही धर्मांच्या अंमलाची भाषा आहे. कोणते रूप खरे यावर खल होऊ शकतो. मला त्यातली रचना जास्त महत्त्वाची वाटते. हा साचा जुना होता. कंपनीच्या मुलखातही 'हुक्म कंपनी सरकार का' असा शेवट जोडून हीच दवंडी दिली जात असे. माणसे देवाची, देश दिल्लीच्या बादशहाचा, हे पहिले दोन चरण पक्के; तिसरी जागा मोकळी, जो हुकूम चालवतो त्याच्यासाठी. छापील अर्जात नाव लिहायला ठिपक्यांची रेघ असते तशी. मराठी दरबार, बुंदेली शहर, आणि दवंडीची भाषा मात्र फारसी वळणाची हिंदुस्तानी. ती सगळ्यांना कळत होती. ऐकणारा सगळे ऐकतच नसे. ढोल थांबला की तो तिसऱ्या चरणासाठी कान टवकारत असे.

ही दवंडी सगळ्यांना आठवते. दुसरी सूचना पुस्तकांत क्वचितच येते, आणि माझ्या मते तीच या पाठाचा खरा विषय आहे.

राणीने १२ आणि १४ जूनला सागरचा कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहिली. शिपायांनी केलेल्या कत्तलीचा तिने त्यांत निषेध केला, आपल्याकडे रक्षणापुरतीच माणसे होती म्हणून मदत करता आली नाही असे सांगितले, शिपायांनी वाडा उडवण्याची धमकी देऊन पैसा काढला असेही लिहिले. ती धमकी तिच्यापर्यंत कोणी पोहोचवली? तहसीलदाराने आणि डेप्युटी कमिशनर व सुपरिंटेंडेंट यांच्या कचेऱ्यांमधल्या शिरस्तेदारांनी. चार दिवसांपूर्वी जे स्कीनच्या फायली सांभाळत होते, तेच आता बंडवाल्यांचे निरोप घेऊन वाड्यावर जात होते. निष्ठेने की भीतीने, हे पत्रावरून कळत नाही. तहसीलदार अहमद हुसेन आणि तुरुंगाचा दारोगा बक्षीश अली यांची नावे पुढे बंडवाल्यांच्या बाजूने घेतली गेली. हे दोघेही कंपनीच्या पगारावर होते.

त्याच पत्रात राणी सांगते की लोकांच्या रक्षणासाठी काहीतरी व्यवस्था हवी होती, म्हणून हाताखालच्या सर्व देशी अंमलदारांना, पोलिसांना वगैरे, तिने तातडीने परवाने पाठवले: आपापल्या जागी राहा आणि नेहमीप्रमाणे काम करा.

परवाना म्हणजे लेखी हुकूम. 'नेहमीप्रमाणे काम करा' ही त्यातली भाषा पाहा. कोणासाठी काम करा, हे त्यात नाही. दवंडीतला तिसरा चरण इथे गाळला आहे. ठाण्यावर बसलेल्या माणसाला त्या क्षणी हेच हवे होते. वरिष्ठ मारले गेले आहेत, शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले आहेत, पगार कोण देणार ठाऊक नाही, आणि वाड्यावरून कागद येतो की हजर राहा. हजर राहिले तर बंडखोर, पळाले तर कामचुकार. कागद निदान जागा सोडू नका इतके तरी स्पष्ट सांगतो.

राणीची कुचंबणाही याच पत्रव्यवहारात दिसते. आसपासचे ठाकूर गढ्या बळकावत आहेत, बंदोबस्ताला पैसा नाही, अशा दिवसांत सावकार कर्ज देणार नाहीत, असे ती १४ जूनला लिहिते. पगाराशिवाय परवाना किती दिवस चालतो?

सह्याच सह्या

त्याच जूनमध्ये आणखी एक सही बाजारात आली. पारोळ्याच्या नेवाळकर शाखेतला सदाशिवराव नारायण याने झाशीच्या पश्चिमेचा करेऱ्याचा किल्ला घेतला आणि आपण झाशीचे महाराज झाल्याचे जाहीर केले. पारोळे आजच्या जळगाव जिल्ह्यात. गादीवर त्याचा दावा जुना होता, गंगाधररावांच्या वेळेपासूनचा. राणीने फौज पाठवून त्याला हुसकावले आणि पुढे पकडून झाशीत कैदेत ठेवले. पण मधल्या दिवसांत करेऱ्याच्या ठाणेदाराने काय करायचे होते? त्याच्यापुढे तीन धनी होते: मेलेला स्कीन, वाड्यावरची राणी, आणि दाराशी उभा असलेला महाराज. तिसरा सर्वांत जवळ होता.

मग जुलै उजाडला. २ जुलैला अर्स्किनने राणीला उत्तर लिहिले. इंग्रज अधिकारी आणि फौज येईपर्यंत तिने सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार पाहावा, सारा वसूल करावा, पोलीस ठेवावेत, असे त्यात होते. आणि लोकांनी तिचे हुकूम मानावेत असा जाहीरनामा त्याने स्वतःच्या शिक्क्याने सोबत पाठवला. आता परवान्यातली रिकामी जागा भरली. नेहमीप्रमाणे काम करणारा कारकून राणीचे काम करीत होता आणि म्हणून इंग्रज सरकारचेच काम करीत होता. एकाच खुर्चीवर बसून त्याच्या दोन्ही निष्ठा जमत होत्या. असा सुखाचा काळ नोकराच्या वाट्याला क्वचित येतो.

तो टिकला नाही. कलकत्त्याच्या सरकारने अर्स्किनला दोष दिला नाही, पण राणीने दिलेली हकीकत खोटी ठरली तर या पत्राने तिचे रक्षण होणार नाही, असे बजावले. याचा अर्थ नीट समजून घ्या. कमिशनरच्या शिक्क्याचा जाहीरनामा जारी आहे. तो मागे घेतल्याची दवंडी झाशीत कोणी देत नाही. आणि तरी त्याच्या बळावर वागणाऱ्याला उद्या तो दाखवता येईलच असे नाही. सूचना फलकावर तशीच टाचलेली, खालची सही मात्र दुसऱ्या गावी रद्द होण्याच्या बेतात.

मधल्या काळात ओरछ्याचा दिवाण नथे खान झाशीवर चालून आला. कंपनीचे मित्र म्हणवणाऱ्यांची फौज कंपनीनेच नेमलेल्या राणीवर तोफा डागत होती. राणीने तिला परतवले. बरखास्त झालेले जुने शिपाई पुन्हा नोकरीत आले, तोफा ओतल्या जाऊ लागल्या. १८५४ साली कमी केलेल्यांना १८५७ साली परत घेतले गेले. राणीच्या लोकप्रियतेची कारणे सांगताना आपण शौर्य सांगतो, औदार्य सांगतो. तिने माणसांना त्यांचा गेलेला रोजगार परत दिला, हे कारणही त्यांच्या पंक्तीत बसवायला हवे.

याच दिवसांतल्या झाशीची हकीकत मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, कर्जाने गांजलेले भिक्षुक, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळणार ही बातमी कोकणात ऐकून उत्तरेला निघाले आणि बंडात सापडत झाशीला पोहोचले. यज्ञाची बातमी ही त्यांच्या दृष्टीने नोकरीची जाहिरातच होती. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि मूळ बाडाबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. ते जरूर वाचा. राणीच्या पदरी राहिलेल्या, पण तिच्या सैन्यात नसलेल्या माणसाची नजर तिथे सापडते. पोटासाठी आलेल्या माणसाला राज्य कसे दिसते, हे इतक्या जवळून सांगणारे पुस्तक मला तरी दुसरे माहीत नाही.

हिशेब

सर ह्यू रोज १८५८ च्या मार्चअखेर झाशीपुढे आला. १ एप्रिलला बेतव्याच्या काठी तात्या टोप्यांचा पराभव झाला, ३ तारखेला तटावरून इंग्रज शिरले, ४ च्या रात्री राणी निसटली. मग जी लूट आणि कत्तल झाली तिच्यात कोणी कोणाचा हुकूम मानला होता, हे विचारायला कोणी थांबले नाही.

राणीचे वडील मोरोपंत तांबे याच महिन्यात पकडले गेले. त्यांना फाशी देण्यासाठी निवडलेली जागा जोखनबाग होती. तीही सूचनाच होती, कागदावाचून दिलेली, आणि शहरातल्या प्रत्येकाला ती वाचता येत होती.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी कॅनिंगने अलाहाबादेस राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला, आणि त्याची भाषांतरे ठिकठिकाणी वाचली गेली. नोकरवर्गाच्या दृष्टीने त्यात दोन कलमे मोलाची होती. पहिले माफीचे: इंग्रज प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतलेले माफीतून वगळले, खुन्यांना आसरा देणारे आणि बंडाचे पुढारी यांना जीवदानाची तेवढी हमी दिली, बाकी जे १ जानेवारीपूर्वी निमूटपणे घरी परततील त्यांना माफी. राणीच्या परवान्याप्रमाणे ठाण्यावर बसून राहिलेला माणूस या वर्गवारीत कुठे येतो? ते चौकशी करणाऱ्याच्या मनावर. दुसरे कलम नोकरीचे: जात किंवा धर्म न पाहता, लायकीप्रमाणे, सरकारी चाकरीत प्रवेश. पण त्यात 'जेथवर शक्य असेल तेथवर' अशा अर्थाची पाचर होती. परिपत्रके वाचणाऱ्यांना अशा पाचरी लगेच दिसतात. पुढची पन्नास वर्षे सुशिक्षित हिंदी लोक त्याच पाचरीशी भांडत राहिले.

त्याच जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याचे वचन होते, आणि १८६२ साली कॅनिंगने दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा वाटल्या. ज्या नियमाने झाशी गेली तो नियम झाशी गेल्यानंतर आठ वर्षांत सोडून देण्यात आला.

झाशी शहर आणि किल्ला १८६१ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला गेला. १८८६ साली अदलाबदल झाली: ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे, झाशी पुन्हा इंग्रजांकडे. आता आपल्या कल्पनेतला एक कारकून घ्या, १८५४ साली पंचविशीतला, या सगळ्यांतून जगलेला आणि शहर न सोडलेला. अदलाबदलीच्या वर्षी तो सत्तावन्न वर्षांचा असता. निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहायला बसला असता, तर पूर्वीची नोकरी सांगताना त्याला गंगाधरराव, कंपनी, लक्ष्मीबाई, पुन्हा कंपनी, राणी व्हिक्टोरिया, शिंदे आणि पुन्हा व्हिक्टोरिया असे सात धनी मांडावे लागले असते. आणि जून १८५७ ते एप्रिल १८५८ हे दहा महिने लिहायचे की गाळायचे, हे लेखणी हातात धरून ठरवावे लागले असते.